करंगळीच्या बाजूचं हाड

आक्का मोरीत घसरली ती आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी. वय ८४, पायाखाली शेवाळ आणि वर 'मला धरायला कुणी नको' हा जन्माचा हट्ट. उजवं मनगट मोडलं, डावं कोपर टम्म सुजलं. तालुक्याच्या गावी हाडांचा एक तरुण डॉक्टर आहे, त्याच्याकडे नेलं. त्यानं दोन्ही हातांचे एक्स-रे काढायला सांगितले. पूर्वी ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली की आपणही डोकावायचो आणि काही न कळता 'हां, हां' म्हणायचो; आता सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर. उजव्या मनगटाकडे त्यानं एकदाच पाहिलं. "पडताना हात टेकला की इथंच मोडतं," म्हणाला, रोजचं गिऱ्हाईक ओळखावं तसं. डाव्या हातावर मात्र तो थांबला. चित्र मोठं केलं, आडवं केलं, पुन्हा उभं केलं. कोपराला काहीच झालेलं नव्हतं. पण मनगटाच्या अलीकडे चार बोटांवर, करंगळीच्या बाजूच्या हाडाला एक गाठ होती. उसाच्या पेरासारखी, भोवतीनं जराशी फुगलेली, आतून पांढरी दाट. शेजारचं अंगठ्याच्या बाजूचं हाड सरळ, कोरं करकरीत.

"आजी, हा हात आधी कधी मोडला होता का?"

आक्का म्हणजे माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण, म्हणून वडील आक्का म्हणायचे आणि त्यांचं ऐकून सगळं घरच. मनगटाची कळ डोक्यात जात असतानाही तिनं डाव्या हातानं पदर खांद्यावर ओढून घेतला. "लई वर्षं झाली," म्हणाली. "विहिरीच्या पायऱ्यांवरनं पडले होते." डॉक्टर म्हणाला, "आणि मोडलं नुसतं हे एकच?" प्रश्न तिला होता की स्वतःलाच, कळलं नाही. उत्तराची वाट न बघता त्यानं प्लास्टरचं सामान मागवलं. बाहेर बाकावर ट्रॅक्टरवरून पडलेला एकजण कण्हत होता.

'नुसतं हे एकच.' एवढे तीन शब्द मी औषधांच्या पिशवीबरोबर घरी घेऊन आले.

त्या रात्रीपासून पुढे पंधरा-वीस दिवस मी आक्काच्या खाटेशेजारी खाली गादी टाकून झोपायचे. झोपायचे कसली, पडून राहायचे. तिचा प्लास्टरचा हात उशीवर, त्याला नव्यानं गिलावा केलेल्या भिंतीसारखा वास, बाहेर पावसाची रिपरिप. तिचं लयीतलं घोरणं मध्येच थांबलं की माझाही श्वास थांबायचा. अशा वेळी मी मोबाइलचा उजेड अगदी कमी करून वाचत बसते. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्यात अश्मयुगाच्या वाट्याला जेमतेम आठवडाभराचे तास, त्यातले दोन गॅदरिंगच्या तालमींनी खाल्लेले. 'मानव टोळ्या करून राहू लागला, शिकार करू लागला, त्याला अग्नीचा शोध लागला.' खडू खाली ठेवला, संपलं अश्मयुग. निवृत्त झाल्यावर मी त्या घाईघाईत उरकलेल्या लाखो वर्षांकडे परत गेले आहे, घरचं लग्न पार पडल्यावर आपण न भेटलेल्या पाहुण्यांना फोन करतो तशी. आणि त्या दिवसांत मी वाचत होते ते नेमकं जेबेल सहाबाबद्दल.

नाईलच्या पूर्व काठावर, सुदानच्या उत्तर टोकाला, वादी हल्फाजवळ ही जागा होती. 'होती' अशासाठी, की आता तिथं पाणी आहे. इजिप्तनं आस्वानचं मोठं धरण बांधायला घेतलं तेव्हा बुडणाऱ्या जमिनीतलं जे हाती लागेल ते वाचवायला युनेस्कोच्या हाकेवरून देशोदेशीची पथकं तिथं उतरली. १९६०च्या दशकातली गोष्ट. फ्रेड वेंडॉर्फ या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाच्या पथकाला वाळूखडकाच्या लाद्यांखाली पुरलेली माणसं सापडली. बहुतेक सगळी डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेली, थंडीत गोधडीत आपण निजतो तशी. काही एकेकटी, काही दोघं-तिघं एकाच खड्ड्यात. अगदी अलीकडचा काळ धरला तरी १३,४०० वर्षांपूर्वीची. शेती नाही, गाव नाही, राजा नाही, भांडायला सातबारा नाही. आणि या माणसांच्या बरगड्यांच्या पिंजऱ्यात, मणक्यांच्या शेजारी, कवटीच्या आत दगडाच्या बारीक बारीक पात्या. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, मेलेल्याबरोबर हत्यारं ठेवायची रीत असेल. पण काही पात्या हाडात रुतलेल्या होत्या. ती हत्यारं त्यांच्याबरोबर ठेवलेली नव्हती, त्यांच्या अंगात शिरलेली होती.

धरणाचं वाचताना मी थबकले, कारण आक्काचं सासरही धरणात गेलेलं. भीमेवर उजनी झालं, पाणी चढत आलं आणि घर, गोठा, मारुतीचं देऊळ सगळं खाली राहिलं. पुनर्वसनाच्या गावठाणात पत्र्याचं घर मिळालं, ते मी पाहिलं आहे, तिथं सुट्टीत राहिलेही आहे. जुनं घर मात्र मी कधीच पाहिलं नाही. आम्हा मुलांना आक्काच्या सासरी न्यायची पद्धतच नव्हती. तीच यायची माहेरी, पंचमीला आणि दिवाळीला, आणि आली की आठ-आठ दिवस जायचं नाव काढायची नाही. लहानपणी याचा आम्हाला फक्त आनंद व्हायचा.

तर, जेबेल सहाबा. वेंडॉर्फनी ती हाडं जपून ठेवली आणि २००२ साली ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली. तिथं इझाबेल क्रेव्हकूर, डॅनियल अँटोइन आणि त्यांच्या सोबत्यांनी नव्यानं सूक्ष्मदर्शकाखाली एकेक हाड घातलं. २०२१ साली त्यांचा निबंध आला. किमान ६१ माणसं, त्यांतल्या ४१ जणांच्या हाडांवर जखमेच्या खुणा. म्हणजे दर तिघांमागे दोघं. पूर्वी कुणाच्या नजरेत न आलेल्या शंभरावर खुणा नव्यानं सापडल्या. बाणांच्या पात्या कशा बसवल्या असतील याचाही त्यांनी विचार केला आहे: काहींची धार टोकाला नसून आडवी, तिरपी. आत घुसून थांबण्यापेक्षा कापत जाणारी, म्हणजे रक्त जास्त जावं. कुणीतरी उन्हाला बसून, मांडीवर दगड घेऊन, हे डोकं लावून घडवलेलं आहे. पुरुषांच्या अंगावर खुणा आहेत, बायकांच्या आहेत, लहान मुलांच्याही आहेत.

पण माझी झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टीनं. त्यांतल्या कितीतरी खुणा भरून आलेल्या आहेत.

इथं मला माझ्याच एका तासाची लाज वाटली. वर्गात मी दरवर्षी शानिदारची गोष्ट सांगायचे, पुस्तकात नसतानाही. इराकच्या कुर्दिस्तानातली गुहा, १९५०च्या दशकात राल्फ सोलेकींना तिथं सापडलेला निअँडरथल, म्हणजे आता नामशेष झालेल्या मानवजातीतला म्हातारा: तोंडावर मार बसून डावा डोळा बहुधा गेलेला, उजवा हात वाळून कोपराजवळ संपलेला, पाय लंगडा, आणि तरीही सगळ्या जखमा भरून पुढे वर्षानुवर्षं जगलेला. म्हणजे मुलांनो, त्याला कुणीतरी भरवलं, कुणीतरी त्याच्यासाठी थांबलं. भरलेलं हाड म्हणजे माया. मागच्या बाकावरची पोरंही इथं गप्प व्हायची, आणि मला फार बरं वाटायचं. त्याच गुहेत आणखी एकजण होता, ज्याच्या डाव्या बरगडीत टोकदार काहीतरी घुसलं होतं आणि जखम भरायला सुरुवात होते न होते तोच तो मेला. त्याचं मी सांगत नसे. वेळ पुरायचा नाही, असं मी म्हणायचे.

जेबेल सहाबात भरलेल्या हाडांचा अर्थ उलटा निघतो. सगळ्या जखमा ताज्या असत्या तर म्हणता आलं असतं, एक वाईट दिवस आला, कुणीतरी चाल करून आलं, कत्तल झाली, उरलेल्यांनी पुरलं. वेंडॉर्फच्या वेळेपासून साधारण असंच मानलं जायचं. पण एकाच माणसाच्या अंगावर जुनी भरलेली खूण आणि नवी न भरलेली खूण शेजारी शेजारी असेल तर? म्हणजे तो एकदा वाचला, कुणीतरी त्याला सांभाळलं, हाड जुळलं, तो पुन्हा पाणी भरू लागला, शिकारीला जाऊ लागला, आणि ते पुन्हा आले. एक लढाई नव्हे, येऊन जाऊन हल्ले. नाईलचं खोरं तेव्हा हवामानाच्या फेऱ्यात सापडलं होतं, जगण्यासारख्या जागा थोड्या उरल्या होत्या, त्यावरून ही झोंबाझोंबी असावी असा त्यांचा कयास आहे. असेल. मी मात्र भरलेल्या हाडापाशीच अडकले. भरणं म्हणजे सुटका असं मी धरून चालले होते. इथं भरणं म्हणजे नुसती मधली सुट्टी.

आणि त्याच निबंधात, खुणांच्या जंत्रीत, ते हाड आलं. कोपरापासून करंगळीच्या बाजूनं मनगटापर्यंत जाणारं. डॉक्टरी भाषेत अल्ना.

याचं साधं गणित आहे, आणि ते करून बघता येतं. पडताना आपण हात पुढे टेकतो. अंगाचा भार तळव्यावरून अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर येतो आणि ते मनगटाशी मोडतं. आक्काचं मोरीत मोडलं ते हेच. आता असं समजा की समोरच्यानं काठी उगारली आहे. विचार न करता हात वर न्या. डोक्यावर, तोंडासमोर. बघा, पुढे कुठली बाजू आली? करंगळीची. मी पहाटे तीन वाजता अंधारात गादीवर बसून हे करून बघितलं. हात आडवा घातला की ते एक हाड कुंपणाच्या काठीसारखं पुढे राहतं, आणि फटका बसला तर तेवढंच मोडतं, मधोमध किंवा मनगटाकडच्या अर्ध्या भागात. दुसरं हाड मागे सुखरूप. बहुतेक माणसं उजव्या हातानं मारतात, म्हणून समोरून आलेला फटका मार खाणाऱ्याच्या डाव्या बाजूला येतो. हाडांचे अभ्यासक असल्या मोडीला 'वार अडवताना मोडलेलं' असंच नाव देतात. डावा हात. मनगटाच्या अलीकडे चार बोटं. नुसतं हे एकच.

आक्का झोपेत कुशीवर वळली. डाव्या.

मला इथं थांबून सांगितलं पाहिजे की हेच अभ्यासक दुसऱ्या श्वासात बजावतात: एवढ्यावरून निकाल देऊ नका. दगडी पायरीच्या कडेवर हात आडवा आपटला तरी हेच हाड, असंच मोडू शकतं. रेघ आडवी आहे का, हाड जागचं किती सरकलं, शेजारच्या हाडाला धक्का आहे का, आणखी कुठे खुणा आहेत का, सगळं पाहून मगच 'असावं' म्हणायचं. म्हणजे आक्काची विहिरीची पायरी खरी असू शकते. मी ती यादी दोनदा वाचली आणि मग लक्षात आलं की कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन मिनिटं पाहिलेलं हाड मी आठवणीतून मोजते आहे. ज्या बाईनं मला न्हाऊ-माखू घातलं तिच्या हाताचं मी उत्खनन चालवलं होतं.

हाडाला किती बोलतं करायचं, हा घोळ जुनाच. शाळेत इनामगाव शिकवताना हा प्रसंग हमखास यायचा. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं इनामगाव, डेक्कन कॉलेजनं १९६८पासून पंधराएक वर्षं तिथं खणलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. लहान मूल गेलं की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मोठं माणूस गेलं की उताणं निजवायचे आणि पाय घोट्यापासून तोडायचे. हे वाक्य आलं की वर्गात एकदम शांतता, मग कुजबुज. एका वर्षी एक मुलगी उभी राहिली. "बाई, पाय जिवंतपणी तोडले की मेल्यावर?" मी म्हटलं, मेल्यावर, मेलेला उठून घराबाहेर जाऊ नये, घरातच राहावा म्हणून, असं खणणाऱ्यांना वाटतं. ती म्हणाली, "मग त्यांना तो हवा होता की त्याची भीती वाटत होती?" मी पुढचं पान काढायला सांगितलं. काय करणार.

तिचा पहिला प्रश्न मात्र फार खोलातला होता. ओलं हाड आणि वाळकं हाड वेगळं मोडतं, एवढं सांगता येतं. निंबाची ओली फांदी मोडून बघा, ती वाकते, चिरफळते, तिरकी फाटते, सालीला लोंबत राहते. सरपणातलं वाळकं लाकूड काडकन तुटतं. हाडाचंही तसंच. जिवंत माणसाच्या हाडाच्या मोडीला तिरप्या गुळगुळीत कडा असतात, त्यांचा रंग बाकीच्या हाडासारखाच जुना झालेला असतो. शेकडो वर्षांनी मातीच्या भारानं किंवा मजुराच्या कुदळीनं मोडलेलं हाड खरबरीत, काटकोनात तुटतं आणि तुटलेली जागा फिकी दिसते. पण जीव जाण्याच्या घटकाभर आधी की घटकाभर नंतर? तेव्हा हाड दोन्हीकडे ओलंच असतं. तेवढ्या घटकेचं हाड काही सांगत नाही. आणि नेमकी तीच तर आपल्याला हवी असते.

मोहेंजोदडोच्या बाबतीत मी स्वतः खोटं शिकवलं आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत, जुन्या नोट्सवरून: रस्त्यात, जिन्यात पडलेले सांगाडे, आर्यांचं आक्रमण, शेवटची कत्तल. तिथं उत्खनन केलेल्या मॉर्टिमर व्हीलरनी तर त्यासाठी थेट इंद्रालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. जॉर्ज डेल्स या पुरातत्त्वज्ञानं १९६४मध्येच दाखवून दिलं की ते सांगाडे एका दिवसाचे नाहीत, एका थरातले नाहीत, लढाईचा दुसरा कुठलाच पुरावा नाही. पुढे हाडं तपासली तर बहुतेकांवर माराची खूणही नव्हती. मी शिकवायला लागले तेव्हा याला वीस वर्षं होऊन गेली होती, पण नोट्स पिवळ्या पडेपर्यंत वापरायच्या असतात. उलट केनियात, तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला नाटारुकला २०१२मध्ये दहा हजार वर्षांपूर्वीची किमान २७ माणसं सापडली, न पुरलेली, पडली तशीच. बारा सांगाडे त्यातल्या त्यात धड, त्यांपैकी दहांवर माराच्या खुणा, एकाच्या कवटीत काळ्या काचेसारख्या दगडाची पात. एक बाई, दिवस भरत आलेली, पोटातल्या बाळाची हाडं तिच्या हाडांत. तिच्या हातांची ठेवण अशी की बांधले असावेत. मार्टा मिराझॉन लार यांनी २०१६मध्ये हे छापलं, आणि त्याच वर्षी दुसरे अभ्यासक म्हणाले, काही कवट्या माराने नव्हे, मातीच्या दाबानं फुटल्या आहेत. लार यांनी उत्तर दिलं. वाद झाला. मला कुणाची बाजू घ्यावी ते कळत नाही. त्या बाईचे हात बांधलेले नसतील तर बरं, असं वाटतं, एवढंच.

आल्प्समधला तो गोठलेला माणूस तर दहा वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. १९९१च्या सप्टेंबरात ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर बर्फातून अर्धा बाहेर आलेला, ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याचे कपडे मोजले, पोटातलं शेवटचं जेवण तपासलं, अंगावरची गोंदणं मोजली, आणि थंडीनं गारठून मेला असेल, वादळात सापडला असेल, अशा गोष्टी रचल्या. एक्स-रे आधीही काढलेले होतेच. २००१मध्ये पुन्हा काढले तेव्हा कुणाला तरी डाव्या खांद्यात नखाएवढी सावली दिसली: गारगोटीचं बाणाचं टोक. मागून मारलेलं. मग उजव्या हाताकडे लक्ष गेलं. तिथं खोल काप, मरणाच्या काही दिवस आधीचा, भरायला लागलेला. त्या काही दिवसांत तो काय करत होता? पळत? परत जायला घाबरत? दहा वर्षं ते टोक तिथंच होतं. दिसत नव्हतं असं नाही. त्या प्रश्नानं कुणी बघितलंच नव्हतं.

आणि आक्काचा हात साठ-पासष्ट वर्षं आमच्या डोळ्यांसमोर आहे. याच हातानं तिनं पुरणाचे गोळे वळले, माझ्या वेण्या घातल्या, बाळंतपणात माझ्या मुलाला पायावर घेऊन न्हाऊ घातलं. ते हाड बांधलं कुणी असेल? तेव्हा दवाखाना कुठला, गावचा हाडवैद्य असणार, बांबूच्या कामट्या, वर घट्ट फडकं. सहा-सात आठवडे तिला एका हातानं चूल पेटवू दिली नसेल कुणीतरी. भाकरी दुसऱ्या कुणीतरी थापली असेल. मोडलं ज्या घरात, भरलंही त्याच घरात. शानिदारच्या गोष्टीत मी हे असं जमेस धरलं नव्हतं.

आता आतोबांचं सांगते. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, कोटाच्या खिशात आम्हा मुलांसाठी श्रीखंडाच्या गोळ्या. मला सायकल त्यांनी शिकवली. मागून सीट धरून पळायचे आणि 'सोडली नाही, सोडली नाही' म्हणत कधी सोडायचे कळायचं नाही. माझ्या लग्नात, पाठवणीच्या वेळी, वडिलांच्या आधी ते रडले. त्यांचा आवाज चढलेला मी एकदाही ऐकला नाही. पुनर्वसनाच्या घरात त्यांच्या फोटोला चंदनाचा हार आहे, आक्का दर सोमवारी तो झटकते. प्लास्टर काढायला नेण्यापूर्वी मी तिच्या कपाटातून साडी काढत होते, फोटोकडे नजर गेली आणि मी नकळत त्यांचा उजवा हात शोधला. फोटो छातीपर्यंतच आहे. हाड मारणाऱ्याचं नाव सांगत नाही, हेही त्या निबंधांत लिहिलेलं असतंच, वेगळ्या शब्दांत. घरात कडक सासू होती. दोन दीर होते, त्यांतल्या एकाच्या दारूच्या गोष्टी आम्हीही ऐकल्या आहेत. किंवा कुणीच नाही, पावसाळा होता, पायरीवर शेवाळ होतं. मी आतोबांना माझ्या मनात सोडवते, आणि सोडवताना जाणवतं की आधी मी त्यांना धरलं होतं.

विचारावं असं मला पुष्कळदा वाटलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी तेल लावून बोटं हलवायला सांगितली होती. रोज संध्याकाळी कोमट तिळाचं तेल घेऊन मी उजवा हात चोळायचे, आणि तो झाला की न सांगता डावाही घ्यायचे. कातडी आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आहे, तिच्याखाली हाड बोटाला सहज लागतं. करंगळीच्या बाजूनं वरून खाली येताना एका जागी अंगठा किंचित वर चढतो आणि उतरतो. गव्हाच्या दाण्याएवढा चढ. एकदा मी तिथं थोडी जास्त थांबले असेन. आक्का डोळे मिटून होती. म्हणाली, "तो हात बरा हाय, तिकडं नको लावू." मी पुन्हा उजव्याकडे वळले.

यंदा उन्हाळा कडक गेला. उजनीचं पाणी उतरलं आणि पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर आलं. पेपरात मोठा फोटो होता, ओल्या दगडांवर चढून लोक मोबाइल धरून उभे. मी आक्काकडे गेले होते. ओट्यावर दोघी वाती वळत बसलो होतो; तिचं उजवं मनगट जरा वाकडं जुळलं आहे, पण वात तिचीच सरस होते. मी तिला फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग बोलायला लागली, जे ती सहसा बोलत नाही: जुन्या घराचा चौसोपी वाडा नव्हता बाई, साधंच होतं, दारात चिंच, चिंचेखाली दगडी पाटा, आणि मागच्या अंगाला आड.

"आड लई खोल. आन् गोड पाणी. रहाटानं वढून वढून हात सोलून निघायचे. एकदा माझी कळशी पडली आत, तर गडी दोराला धरून खाली उतरला. पायऱ्या कुठल्या त्याला."

माझ्या मांडीवरची वात तशीच राहिली. चिमण्या ओट्याखाली तांदळाची कणी टिपत होत्या. मळ्यात दुसरी विहीर असेल, मी मनात म्हटलं. मळ्यातल्या विहिरींना असतात पायऱ्या. मोटेच्या विहिरींना तर असतातच. आक्कानं माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, पेपराची घडी घातली आणि मांडीखाली सरकवली.

"वळ की," म्हणाली. "आन् इतकी जाड नको करू. तेल पितीय नुसतं."